गणित पक्कं, तरी समीकरण संतुलित होत नाही तेव्हा

ऐरोलीच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, राज्य मंडळ, सेमी-इंग्लिश. गणितात हुशार. पण रासायनिक समीकरणं बॅलन्स करायला, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करायला बसली की वही खाडाखोडीने भरते. पाच समीकरणांना पाऊण तास लागतो आणि त्यातली दोन तरी चुकतात. क्लासमध्ये 'आकडे टाकून बघत जा' एवढंच सांगतात. मोबाइलवर क, ख, ग धरून बीजगणिताने सोडवायची पद्धत दिसली, ती शिकवावी का?

आधी थेट उत्तर देऊन टाकू. ती पद्धत आत्ता शिकवू नका. ती चूक नाही, पुढे एके ठिकाणी वापरूनही दाखवेन, पण तुमच्या मुलीचं दुखणं वेगळं आहे. गणितात चांगली असलेली मुलगी इथे अडते तेव्हा तिची बेरीज-गुणाकार सहसा चुकत नसतात. तीनपैकी काहीतरी एक बिनसलेलं असतं. सूत्रच चुकीचं लिहिलं जातं, किंवा बरोबर लिहिलेल्या सूत्रातले अणू नीट मोजले जात नाहीत, किंवा कुठल्या मूलद्रव्याला आधी हात घालायचा हे ठरलेलं नसतं. 'आकडे टाकून बघ' हा सल्ला तिसऱ्या अडचणीला जेमतेम लागू पडतो, पहिल्या दोन अडचणींना मुळीच नाही. सूत्र चुकलेलं असेल तर बीजगणितही त्या चुकीचाच हिशेब करून देईल.

खाली सूत्रं जशी मोठ्याने वाचतो तशी देवनागरीत लिहिली आहेत: एच₂ओ म्हणजे पाणी, एनए सोडियम, एफई लोखंड, सीयू तांबं, एएल अ‍ॅल्युमिनियम. वहीत अर्थात नेहमीचीच चिन्हं. सूत्रातला खालचा बारीक आकडा म्हणजे पादांक आणि सूत्राच्या आधीचा मोठा आकडा म्हणजे सहगुणक. सेमीच्या मुलांना हे सबस्क्रिप्ट आणि कोइफिशंट म्हणून माहीत असतात.

तिची नेमकी अडचण कुठली ते घरीच दहा मिनिटांत कळेल. समीकरण देऊ नका. फक्त दहा नावं सांगा आणि सूत्रं लिहून घ्या: सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, अमोनियम सल्फेट, फेरिक ऑक्साइड, मॅग्नेशियम नायट्राइड, सिल्व्हर नायट्रेट, कॉपर नायट्रेट, कॅल्शियम फॉस्फेट, पोटॅशियम परमँगनेट. दोनपेक्षा जास्त चुकली तर समीकरणं आठवडाभर बाजूला ठेवा आणि नववीतला संयुजा (अणूची जोडले जाण्याची क्षमता) व मूलकं (सल्फेट, नायट्रेटसारखे एकत्र राहणारे अणूंचे गट) हा भाग पुन्हा काढा. मॅग्नेशियम नायट्राइड मुद्दाम घातलंय. नायट्राइड आणि नायट्रेट यांत गल्लत करणारी मुलं भरपूर असतात. पहिल्यात नुसता नायट्रोजन असतो, दुसऱ्यात नायट्रोजनसोबत तीन ऑक्सिजन.

सूत्रं आली तर दुसरी चाचणी. कागदावर '३ सीए₃(पीओ₄)₂' लिहा आणि प्रत्येक मूलद्रव्याचे अणू किती ते विचारा. उत्तर आहे कॅल्शियम ९, फॉस्फरस ६, ऑक्सिजन २४. ऑक्सिजन ८ किंवा १२ आला तर गुणाकाराची एखादी पायरी गळली आहे. क्रम असा लावायचा: कंसातला पादांक ४, गुणिले कंसाबाहेरचा २, गुणिले पुढचा सहगुणक ३. सहगुणक अख्ख्या सूत्राला लागतो, त्यातल्या फक्त पहिल्या मूलद्रव्याला नाही, ही गोष्ट सांगून सगळ्यांना पटते, पण घाईत हात तिथेच चुकतो.

आता खरी मेख. संतुलन करताना पादांक कधीच बदलायचा नाही. का, ते पाण्यावरूनच समजेल. मुलांपुढे हे येतं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे दोन ऑक्सिजन, उजवीकडे एक. सगळ्यात सोपा उपाय काय दिसतो? उजवीकडे खाली एक दोन लिहून टाका, एच₂ओ₂ झालं, दोन्ही बाजू जुळल्या. अणूंची बेरीज अगदी बरोबर येते. फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं, ज्याने केसांचा रंग उडवतात. पादांक हा त्या पदार्थाची ओळख असतो. तो बदलला की पदार्थ बदलतो. आपल्या हातात एवढंच आहे की त्या पदार्थाचे रेणू किती घ्यायचे. म्हणून पाण्याचे दोन रेणू, मग हायड्रोजनचेही दोन:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

सहगुणक सूत्राच्या पोटात, म्हणजे 'एच₂ २ ओ' असाही घालायचा नाही. तुमच्या मुलीच्या खाडाखोडीत अशा जागा दिसल्या तर समजा की तिला 'रेणूंची संख्या' आणि 'रेणूतले अणू' हा फरक अजून हाताळता येत नाहीये. काडेपेटीच्या काड्या नाहीतर लाडवांची चित्रं काढून अर्धा तास घालवा. हा अर्धा तास वाया जात नाही.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे मोकळी मूलद्रव्यं एकेकट्या अणूने लिहिणं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं मोकळी असतात तेव्हा दोन-दोन अणूंच्या जोडीने असतात. नुसतं 'ओ' किंवा 'सीएल' लिहून केलेलं संतुलन कागदावर जुळतं आणि तरी चूक असतं. ही सात नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही. धातू मात्र एकट्यानेच लिहायचे.

आता क्रम. क्लासमध्ये बहुतेकदा सांगतात की आधी धातू, मग अधातू, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. हा नियम बऱ्याच वेळा चालतो, पण तो का चालतो हे सांगितलं नाही तर तो न चालणाऱ्या जागी मूल अडकून बसतं. कारण साधं आहे. एका सूत्राचा सहगुणक बदलला की त्या सूत्रातली सगळी मूलद्रव्यं हलतात. संयुगात दोन-तीन मूलद्रव्यं असतात, म्हणून त्याला हात लावला की दुसरीकडचा जमलेला हिशेब मोडतो. पण जे मूलद्रव्य मोकळं, एकटं आहे, त्याचा सहगुणक कितीही बदला, दुसरं कुणी हलत नाही. म्हणून जो एकटा आहे तो शेवटी. आणि सुरुवात सगळ्यात गजबजलेल्या सूत्रापासून, त्यातही अशा मूलद्रव्यापासून जे प्रत्येक बाजूला एकाच ठिकाणी येतं. ऑक्सिजन शेवटी ठेवायला सांगतात तेही त्यामुळेच. ज्वलनात तो मोकळा असतो आणि शिवाय दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असतो.

नियम मोडतो ते उदाहरण बघा. तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक परत मिळवायला हीच अभिक्रिया वापरतात:

एसओ₂ + एच₂एस → एस + एच₂ओ

इथे 'ऑक्सिजन शेवटी' म्हणून बसलात तर गंधकापासून सुरुवात होते. गंधक डावीकडे दोन ठिकाणी आहे, उजवीकडे मोकळा. चार-पाच वेळा खोडावं लागतं. उलट कारण लक्षात ठेवलं तर: मोकळा गंधक शेवटी. ऑक्सिजन दोन्ही बाजूंना एकेकाच ठिकाणी आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. डावीकडे २, म्हणून पाणी २. पाण्यात हायड्रोजन ४ झाले, म्हणून हायड्रोजन सल्फाइड २. आता डावीकडचा गंधक १ + २ = ३. झालं:

एसओ₂ + २ एच₂एस → ३ एस + २ एच₂ओ

खोडरबर लागलाच नाही. दुसरं असंच फसवं उदाहरण लोखंडावरून वाफ नेल्यावरचं, सीबीएसईच्या मुलांना हे नक्की भेटतं:

एफई + एच₂ओ → एफई₃ओ₄ + एच₂

गजबजलेलं सूत्र एफई₃ओ₄. त्यात ऑक्सिजन ४, म्हणून पाणी ४, म्हणून उजवीकडे हायड्रोजनचे ४ रेणू. लोखंड एकटं आहे, ते शेवटी, ३. उत्तर ३, ४, १, ४. जी मुलं लोखंडापासून सुरू करतात त्यांनाही हे जमतं, पण जी मोकळ्या हायड्रोजनपासून सुरू करतात ती गोल गोल फिरत राहतात.

मूलकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वेळ वाचतो तो इथे आणि फसगत होते तीही इथे. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनियम यांपैकी एखादं मूलक बाणाच्या दोन्ही बाजूंना जसंच्या तसं असेल तर त्याचे अणू फोडून मोजायची गरज नाही. अख्खं मूलक एक नग धरा. पाणी निवळायला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियम सल्फेट आणि चुन्याची निवळी यांची अभिक्रिया घ्या:

एएल₂(एसओ₄)₃ + सीए(ओएच)₂ → सीएएसओ₄ + एएल(ओएच)₃

फोडून मोजलं तर डावीकडे ऑक्सिजन १४, उजवीकडे ७, डोकं गरगरतं. नग धरून मोजा: अ‍ॅल्युमिनियम २, म्हणून उजवीकडे एएल(ओएच)₃ चे २. सल्फेट ३, म्हणून कॅल्शियम सल्फेट ३. त्यासाठी कॅल्शियम ३, म्हणून चुना ३. हायड्रॉक्साइड डावीकडे ६, उजवीकडेही ६. चार ओळींत संपलं. सहगुणक १, ३, ३, २.

आम्ल आणि अल्कलीच्या समीकरणात पाणी 'एच-ओएच' असं मनात वाचायची सवय लावा. सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांत सल्फेट एक, सोडियम उजवीकडे दोन, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड दोन. दोन ओएच आणि आम्लातले दोन एच मिळून दोन पाणी. इथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन स्वतंत्र मोजणाऱ्या मुलीला दुप्पट वेळ लागतो.

पण मूलक फुटत असेल तर ही युक्ती घात करते. लेड नायट्रेट तापवलं की लेड ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूर आणि ऑक्सिजन मिळतो. उजवीकडे कुठेच नायट्रेट नाही, म्हणजे नग धरायचा प्रश्नच येत नाही. म्हणून पहिलं काम आकडे टाकणं नाही. पहिलं काम म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजू एकदा वाचून काढणं आणि मूलक टिकलंय की फुटलंय ते ठरवणं. याला दहा सेकंद लागतात.

सम-विषमाचा पेच ही खाडाखोडीची आणखी एक जागा. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच घरांत आता पाइपचा गॅस आहे, तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन सरळ आहे:

सीएच₄ + २ ओ₂ → सीओ₂ + २ एच₂ओ

ब्युटेनला मात्र कार्बन ४ म्हणून सीओ₂ ४, हायड्रोजन १० म्हणून पाणी ५, उजवीकडे ऑक्सिजन ८ + ५ = १३. आणि डावीकडे ऑक्सिजन जोडीनेच येतो. १३ विषम. इथे मुलं सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. काही खोडायचं नाही. साडेसहा लिहायचं, म्हणजे १३/२, आणि मग अख्ख्या समीकरणाला दोनने गुणायचं:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

मधल्या पायरीत अपूर्णांक लिहिण्याला मुलं घाबरतात, कारण कुणीतरी 'अपूर्णांक चालत नाही' असं सांगितलेलं असतं. शेवटच्या उत्तरात तो नको, हे दहावीपुरतं खरं. कच्च्या कामात खुशाल लिहा. बारावीत एक मोल पाणी तयार होतानाची उष्णता काढताना तर अर्धा ऑक्सिजन उत्तरातही चालतो, तिथे तो हवाच असतो. उलट बाजूने, शेवटी सगळे सहगुणक २ किंवा ३ ने भागले जात असतील तर भागून लहान करायचे. ४, २, ४ असं पाणी लिहिलं तर हिशेब जुळतो, पण ते २, १, २ लिहायचं असतं.

हे आकडे नुसते वहीपुरते नाहीत हे मुलीला याच उदाहरणावरून दाखवा. तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या बाबतीत सहगुणक म्हणजेच आकारमानांचं प्रमाण. एक लीटर मिथेनला दोन लीटर ऑक्सिजन पुरतो, एक लीटर ब्युटेनला साडेसहा लागतो. तेवढ्याच आकारमानात मिथेनची उष्णता बरीच कमी मिळते, म्हणून सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसला जोडायला आलेला माणूस नोझल बदलून मोठ्या भोकाची बसवतो. आणि वजनही तपासून बघा: १६ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ८० ग्रॅम. उजवीकडे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी, ८० ग्रॅमच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने अठराव्या शतकात तराजूवर दाखवलेली गोष्ट हीच, आणि संतुलन करायचं ते एवढ्याच कारणाने.

वहीत मांडणी कशी असावी याबद्दल माझा आग्रह आहे. समीकरणाखाली तीन रकान्यांचा छोटा तक्ता: मूलद्रव्य किंवा मूलक, डावीकडे किती, उजवीकडे किती. पेन्सिलने. एक सहगुणक बदलला की त्या सूत्रातल्या सगळ्या मूलद्रव्यांचे आकडे लगेच बदलायचे, फक्त ज्याच्यासाठी बदलला त्याचे नाही. खाडाखोड होते ती बहुतेक याच एका आळसामुळे. मनात धरलेला जुना आकडा आणि कागदावरचा नवा आकडा वेगळे असतात आणि मुलीला वाटतं आपली पद्धत चुकली. शेवटी तक्ता मिटवून अणू नव्याने मोजायचे, आधीच्या तक्त्यावर नुसती टिक करायची नाही. भौतिक अवस्था, म्हणजे (एस), (एल), (जी), (एक्यू), आणि उष्णतेचं चिन्ह हे सगळं संतुलन झाल्यावर घाला. बाणाच्या जागी बरोबरचं चिन्ह काढायची गणिताची सवयही इथे मोडायला हवी.

आता 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असा भाग. दहावीच्या पुस्तकातली समीकरणं, मंडळ कुठलंही असो, वरच्या क्रमाने बहुतेक सगळी सुटतात. त्यापलीकडे काय शिकवायचं हे मुलगी अकरावीला विज्ञान घेणार का, यावर ठरतं. घेणार असेल तरी बीजगणिताच्या आधी ऑक्सिडीकरण अंकाची पद्धत, म्हणजे कुठल्या अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले याचा हिशेब, शिकवावी, असं मी म्हणेन. दोन्हींत फरक काय पडतो ते एकाच समीकरणावर बघू. तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल:

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ + एच₂ओ

हे नुसते आकडे टाकून सुटायला अवघड, कारण काही नायट्रेट नायट्रेटच राहतं आणि काही फुटून एनओ होतं. नग धरता येत नाही आणि फोडून मोजलं तर नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी.

बीजगणिताने: सहगुणक क्रमाने क, ख, ग, घ, च धरा. तांब्यावरून क = ग. हायड्रोजनवरून ख = २च. नायट्रोजनवरून ख = २ग + घ. ऑक्सिजनवरून ३ख = ६ग + घ + च. ग = १ धरून सोडवलं की ख = ८/३, घ = २/३, च = ४/३. तीनने गुणून ३, ८, ३, २, ४. बरोबर आलं, पण तांब्याला काय झालं, आम्लाला काय झालं, हे काहीच कळलं नाही.

ऑक्सिडीकरण अंकाने: तांबं ० वरून +२ ला गेलं, दोन इलेक्ट्रॉन दिले. नायट्रोजन +५ वरून +२ ला आला, तीन घेतले. देणं-घेणं सारखं व्हायला लसावि ६. म्हणून तांबं ३, एनओ २. तीन कॉपर नायट्रेटमध्ये न बदललेले नायट्रेट ६, अधिक फुटलेले २, म्हणून आम्ल ८. हायड्रोजन ८, पाणी ४. ऑक्सिजन तपासा: डावीकडे २४, उजवीकडे १८ + २ + ४ = २४. चार ओळी, आणि आठातली सहा आम्लं नुसती नायट्रेट पुरवायला लागली आणि दोनच क्षपण पावली, म्हणजे त्यांच्या नायट्रोजनने इलेक्ट्रॉन घेतले, हेही दिसलं. आम्ल संहत असेल तर एनओ नाही, एनओ₂ मिळतो आणि आकडे १, ४, १, २, २ होतात. म्हणजे उत्पादित (तयार होणारा पदार्थ) कुठलं ते प्रयोगाने ठरतं, समीकरणाच्या गणिताने नाही.

बीजगणितावर आंधळा भरवसा का नको, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं, आम्लधर्मी द्रावणातलं:

२ केएमएनओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएनएसओ₄ + ८ एच₂ओ + ५ ओ₂

हे बरोबर. आता पेरॉक्साइड ५ ऐवजी १, पाणी ८ ऐवजी ४ आणि ऑक्सिजन ५ ऐवजी ३ करून बघा. प्रत्येक मूलद्रव्य मोजा, सगळे जुळतात! डावीकडे ऑक्सिजन २२, उजवीकडे २२. तरी हे चूक आहे. मँगनीजचे दोन अणू मिळून दहा इलेक्ट्रॉन घेतात. पेरॉक्साइडचा एक रेणू दोनच देतो, म्हणून पाच रेणू लागतात. असं होतं कारण पेरॉक्साइड स्वतःच फुटून पाणी आणि ऑक्सिजन देऊ शकतं, ते समीकरण कितीही पटीत यात मिसळलं तरी अणूंचा हिशेब मोडत नाही. बीजगणिताने केलं तर इथे अनंत उत्तरं येतात आणि कुठलं खरं ते बीजगणित सांगत नाही. हे दहावीच्या मुलीला आज सांगायची गरज नाही, पण पुढच्या वर्षी सीईटीच्या तयारीत हे लागेल.

कधी कधी समीकरण काही केल्या संतुलित होत नाही. अशा वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त झगडू देऊ नका. पेन खाली ठेवून सूत्रं पुन्हा तपासायला सांगा. एखादं उत्पादित लिहायचं राहिलंय का, पाणी विसरलंय का, एखादं मूलद्रव्य फक्त एकाच बाजूला आहे का? गाइडमध्ये छपाईच्या चुका असतात, पादांक सरळ ओळीत छापलेला असतो आणि मुलं तो सहगुणक समजतात. अशा वेळी चूक मुलीची नसते, आणि हे तिला कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर 'मला केमिस्ट्री जमत नाही' हे तिच्या मनात पक्कं बसतं.

सरावाचं प्रमाण: रोज पाच समीकरणं, पंधरा मिनिटं, तीन आठवडे. रविवारी एकदम पन्नास नकोत. पहिल्या आठवड्यात वेळ लावू नका, तक्ता नीट भरला जातोय एवढंच बघा. दुसऱ्या आठवड्यात नावांवरून सूत्रं लिहून मग संतुलन, कारण परीक्षेत शब्दांत दिलेली समीकरणंही येतात. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ लावा. साधं समीकरण दीड मिनिटात व्हायला हवं.

सुरुवातीला ही सहा द्या, प्रत्येकात वेगळी मेख आहे. मॅग्नेशियम आणि नायट्रोजनपासून मॅग्नेशियम नायट्राइड: ३, १, १. लेड नायट्रेटचं अपघटन, ज्यात मूलक फुटतं आणि शेवटी अर्धा ऑक्सिजन येतो: २ → २, ४, १. अमोनिया आणि ऑक्सिजनपासून एनओ आणि पाणी, यात सम-विषमाचा पेच आहे: ४, ५ → ४, ६. पी₄ओ₁₀ आणि पाण्यापासून फॉस्फरिक आम्ल: १, ६ → ४. ग्लुकोजचं ज्वलन, जिथे ग्लुकोजमधला ऑक्सिजन मोजायचा हमखास राहतो: १, ६ → ६, ६. आणि शेवटचं आयर्न पायराइट, एफईएस₂, ऑक्सिजनमध्ये जाळून फेरिक ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड: ४, ११ → २, ८. हे शेवटचं तिने खोडरबर न वापरता सोडवलं की मला कळवा, मग आयनिक समीकरणांकडे वळता येईल.